मामाजींच्या चालीनं

मामाजी गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती मीच तालुक्याच्या दवाखान्यातून मोटारसायकलवर घेऊन घरी आले. फोन हातात होता, पण माझे यजमान विनोद यांना फिट येतात. घरी एकटे असताना त्यांना असं काही फोनवर ऐकवायचं नाही, असं डॉक्टरांनी पहिल्या वेळीच बजावलं होतं. म्हणून तिथे भेटलेल्या एका ओळखीच्या माणसाला दवाखान्यात बसवलं आणि मी निघाले. सकाळी जाताना त्याच नऊ किलोमीटरला मला बत्तीस मिनिटं लागली होती. येताना किती लागली ते आठवत नाही. विनोद दारातच उभे होते. मी गाडी बंद केली, पाय टेकवले, आणि त्यांनी माझ्या मागची रिकामी सीट पाहिली. मला तोंड उघडावंच लागलं नाही... याला आता दीड महिना झाला. मी अजून त्या बत्तीस मिनिटांतून बाहेर आलेली नाही. लिहायला बसले आहे मामाजींविषयी, पण लिहिणारी बाई घाबरलेली आहे, एवढं वाचणाऱ्यानं आधीच समजून घ्यावं.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या भंडारा जिल्ह्यात सुना सासऱ्याला मामाजीच म्हणतात. जन्मभर हातमागावर बसलेला माणूस. आमचं गाव आसगावच्या अलीकडे. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि मधे आम्हा विणकरांची दहा-बारा घरं. माग जमिनीतल्या खड्ड्यात, पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर आणि हातात सूत फिरवणारा धोटा, असं बसून बसून त्यांचा उजवा गुडघा कामातून गेला होता. चालताना त्या पायाची चप्पल घासत यायची, त्यामुळे मामाजी घरात कुठे आहेत हे न पाहता कळायचं. ते कळणं मला गरजेचंही होतं, कारण आमच्या घरात सासरा आणि सून एकमेकांशी सरळ बोलत नाहीत. "विनोद, तिले सांग, भाजीत मीठ कमी हाये." आणि ती म्हणजे मी, चार हातांवर डोक्यावर पदर घेऊन उभी. उत्तर द्यायचं ते भिंतीला. सासूबाई होत्या तोवर निरोप त्यांच्यामार्फत जात, त्या गेल्यावर विनोद पोस्टमन झाले. माझ्या शहरातल्या मैत्रिणी हसतात. हसू देत. एकोणीस वर्षांत मला त्यात कधी अपमान वाटला नाही. उलट आम्हा दोघांनाही ते अंतर सोयीचं होतं.

मागच्या हिवाळ्यात विनोदला पहिली फिट आली ती मागावर बसलेले असताना, हे आमचं नशीब. गाडीवर आली असती तर... डॉक्टर म्हणाले, सायकल नाही, मोटारसायकल नाही, विहिरीच्या काठावर जायचं नाही. पण आमच्या लुगड्यांचे गठ्ठे बाजारोबाजारी विनोदच न्यायचे, पार सानगडीपर्यंत. गठ्ठे घरात बसले की माग बसतो आणि माग बसला की आम्ही बसतो, हे सांगायला कुणी शहाणा लागत नाही. घरात गाडी एकच, गिअरची, जड. माझी मजल लहानपणी भावाच्या सायकलवर कैची मारण्यापर्यंत. मुलगी नागपूरला शिकते, तिला परत बोलवायचं नाही, यावर आमचं तिघांचं एकमत होतं. चार दिवस गाडी जागची हलली नाही. पाचव्या दिवशी जेवताना मामाजी ताटाकडे पाहत म्हणाले, "विनोद, तिले सांग, गाडी शिकून घे मनावं." घास माझ्या हातातच राहिला. थोडं थांबून पुन्हा, "साडीत पाय अटकन. पंजाबी ड्रेस शिवून आन मनावं." ज्या घरात माझं डोकं उघडं दिसलं नव्हतं, त्या घरात ड्रेसची परवानगी मागितल्याशिवाय मिळाली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला मात्र नाही.

मला गाडीची भीती वाटायची, अगदी खरी भीती. ती चालू झाली की हँडलमधून जी थरथर हातात यायची तिनंच माझं तोंड कोरडं पडायचं. लोकांना वाटतं, गाडीची भीती म्हणजे वेगाची भीती. नवशिक्याला विचारा. वेगात गाडी आपोआप तोल धरते. ती पडते हळू असताना, वळताना, थांबताना. आणि परीक्षेत नेमकं तेच विचारतात. भंडाऱ्याला आरटीओच्या मैदानावर जमिनीवर मोठा आठ काढलेला असतो. त्याच्या दोन्ही वाटोळ्यांतून पाय न टेकवता गाडी फिरवून आणायची. पाय टेकला की संपलं.

शिकवायचं कुणी हा प्रश्न होता. विनोद ऊन लागलं की बसून जायचे, ते ओट्यावरून सांगणार. गाडीशेजारी कुणीतरी हवंच. गावातल्या परक्या माणसाला सांगावं तर मामाजींना चालणार नव्हतं, आणि त्यांनी स्वतः धरावं तर त्याहून चालणार नव्हतं. सासरा सुनेच्या हाताला हात कसा लावणार? यावर मामाजींनी आपल्या परीनं तोड काढली. सकाळी खळ्यावर गेले, धानाच्या कोंड्यानं भलामोठा आठ काढला, आणि गाडीच्या डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या जरा पुढे, म्हणजे मला दिसणार नाहीत असे, उभे राहिले. मी डोक्यावरून ओढणी घट्ट गुंडाळलेली, वर हेल्मेट. मग मामाजी गाडीशी बोलू लागले. माझ्याशी नव्हे, गाडीशी! "चाल बाई, माह्या चालीनं चाल. पळू नको. पळाले कोनालेबी येते, हळू चालाले अक्कल लागते." मी क्लच सोडला, गाडी उडी मारून बंद पडली. "काहून बिचकून राहिली वं? मी हाओ न बाजूले," मामाजी मागच्या सीटवर थाप मारत गाडीला म्हणाले. ओट्यावर विनोद हसून हसून आडवे. मला हसू येत होतं आणि रडूही.

पुढचे दोन महिने रोज सकाळी हेच. कोंड्याचा आठ कोंबड्या टिपून खायच्या, मामाजी पुन्हा काढायचे. त्यांनी आयुष्यात मोटारसायकल चालवली नव्हती. सायकल मात्र चालवली होती, आणि तीही अशी की तरुणपणी गावच्या हळू सायकल चालवायच्या शर्यतीत लागोपाठ तीन वर्षं पहिले आले. बक्षिसाचा पितळी गडवा, पाण्याचा तांब्या, अजून घरात आहे. "जो मांगून येते तो जिकते, अशी शर्यत होय थे," असं गाडीला समजावून सांगायचे. बाकी सगळं ज्ञान मागावरचं. मी क्लच भस्सकन सोडला की ओरडायचे, "विनोद, तिले सांग, पावडी एकदम सोडली का सूत तुटते! हळू सोड, अन् अर्ध्यावर धरून ठेव." मी घाबरून पुढच्या चाकाकडे पाहू लागले की, "धोट्याकडे पाहिलं का काठ बिघडते. नजर पल्याड ठेव मनावं." आणि खरंच, अर्ध्या क्लचवर गाडी धरून, मागचा ब्रेक जरासा दाबून, नजर पुढच्या वळणावर ठेवली की गाडी त्या दुखऱ्या गुडघ्याच्या चालीनं चालायची. चप्पल घासल्याचा आवाज डाव्या कानाशी आला की मला कळायचं, बरोबर जाते आहे. आवाज मागे पडला की समजायचं, पळाले. मी त्या आवाजावर गाडी शिकले. वेगात चालवायला मला कुणी शिकवलंच नाही. दुसऱ्याच्या वर गिअर मी खळ्यावर टाकणार कुठे?

पहिली परीक्षा उन्हाळ्यात झाली. आम्ही तिघं गेलो, म्हणजे गावातल्या एकानं गाडी भंडाऱ्यापर्यंत नेली आणि आम्ही एसटीनं गेलो. माझा नंबर आला तेव्हा मी हात ड्रेसला पुसून गाडी चालू केली. साहेब म्हणाले, "पाय टेकायचा नाही बाई." पहिलं वाटोळं छान झालं. आठाच्या मधल्या फुलीवर आले, वळले, नजर पल्याड टाकली, आणि पल्याड साहेबांच्या शेजारी मामाजी उभे. समोरासमोर. मला पाहत. दोन महिन्यांत ते माझ्या नजरेसमोर एकदाही आले नव्हते. माझा डावा हात क्लचवरून निघाला आणि सरळ डोक्यावरचा पदर ओढायला गेला. डोक्यावर पदर कुठला, हेल्मेट! हात टणकन आपटला, गाडीनं गचका खाल्ला, बंद पडली आणि मी दोन्ही पाय टेकवून उभी. रांगेतली पोरं खिदळली. साहेब भले होते. म्हणाले, "बाई, हेल्मेटवर पदर कुठं शोधता? पुन्हा या."

परतताना एसटीत मामाजी दोन सीटा सोडून खिडकीशी बसले होते. पवनीच्या थांब्यावर विनोदला म्हणाले, "चूक माही होय. मी समोर उभा राहाले नव्हतं पायजे." दुसऱ्या दिवशी खळ्यावर आठ काढून झाल्यावर मामाजी बाजूला आले नाहीत. समोर चिंचेखाली जाऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. "विनोद, तिले सांग, परीक्षेलेबी मी असाच उभा राहीन." सुनेला पदराची आठवण होऊ नये म्हणून म्हातारा माणूस रोज अर्धा तास झाडाकडे तोंड करून उभा. येणारे-जाणारे विचारायचे, "का जी, काय पाहून राहिले?" मामाजी म्हणायचे, "चिचा मोजून राहिलो." दुसरी तारीख पावसाळ्यातली मिळाली.

ती तारीख यायच्या बावीस दिवस आधी सकाळी मामाजी मागावरून उठताना छाती धरून खाली बसले. चेहरा घामानं थबथबलेला. गावच्या रस्त्यावरचा रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, दुरुस्तीला खोदलेला, चारचाकी येण्याची सोय नव्हती. दुचाकी तेवढी तलावाच्या पाळीवरून जायची. धानाची रोवणी चालू होती, गाडी चालवू शकणारा प्रत्येक माणूस दूर चिखलात. विनोदनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे शिकाऊ लायसन होतं. त्यावर मागे माणूस बसवायचा नसतो हे मला पाठ होतं. मी म्हटलं, "अजी, मले नाही जमत... मी पाडीन त्यांले." विनोद काही न बोलता आत गेले, गठ्ठ्यातलं नवं करवती काठाचं लुगडं ओढून आणलं, मामाजींना माझ्या मागे बसवलं आणि त्या लुगड्यानं आम्हा दोघांना कमरेशी बांधलं. एकोणीस वर्षांत ज्यांची सावली मी ओलांडली नाही त्यांचं कपाळ माझ्या पाठीला टेकलं होतं. अंगावर घरचीच साडी, तीही गुडघ्यात खोचलेली. हेल्मेट नाही, पदर खांद्यावर. डोकं उघडं होतं आणि मला त्याचं भानही नव्हतं.

पाळ म्हणजे तलावाच्या बांधावरची दोन हात रुंदीची चिखलाची वाट, एका बाजूला भरलेला तलाव, दुसऱ्या बाजूला खोल बांध्या. मी घाबरले होते हा शब्द फार लहान आहे. पण हात-पाय आपलं काम करत राहिले. अर्धा क्लच, मागचा ब्रेक, नजर पल्याड. गाडी माणसाच्या चालीनं चालली. चप्पल घासल्याचा आवाज नव्हता, त्याच्या जागी पाठीवर श्वास लागत होता, आणि मी त्या श्वासावर गाडी धरली. एकदाही पाय टेकला नाही. पाळ संपली, गाडी डांबरी रस्त्यावर चढली. समोर आठ किलोमीटर सरळ, मोकळा रस्ता. तिथे बाभळीजवळ माझ्या खांद्यावर हात आला. आणि मामाजी बोलले. गाडीशी नाही, विनोदमार्फत नाही. "वंदना..." माझं नाव. त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं. "वंदना, आता माह्या चालीनं नको. तुह्या चालीनं चाल."

मी चालले नाही. हे मला लिहायचं होतं आणि हेच लिहिताना हात अडतो आहे. मी गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेली नाही. तिसरा टाकायला पाय उचलला की वाटायचं, आता घसरणार, आता दोघंही बांधलेले असे रस्त्यावर... आणि पाय परत जागेवर. इंजिन किंचाळत होतं. दोन वेळा मोपेडवाला माझ्या पुढे गेला. पाळीवर मी हळू गेले ती मामाजींची शिकवण होती, डांबरावर हळू गेले ती निव्वळ माझी भीती होती. मी त्यांना उत्तरही दिलं नाही. सुनेनं सासऱ्याशी सरळ बोलायचं नसतं, ही सवय तेव्हाही जिभेवर बसून होती. दवाखान्याच्या दारात लुगड्याची गाठ मला सुटेना, तिथल्या मावशीनं सोडली. मामाजींना आत नेलं तेव्हा श्वास चालू होता. तासाभरात थांबला. डॉक्टर म्हणाले, "झटका मोठा होता. थोडं आधी आणलं असतं तरी... सांगता येत नाही." त्या 'सांगता येत नाही'ला मी अजून घाबरते. नाही म्हणाले असते तर मी रडून मोकळी झाले असते. हो म्हणाले असते तरी एकदाचं कळलं असतं.

तेरावं झालं, पाहुणे गेले. विनोद मागावर बसू लागले. मला त्यांची भीती वाटू लागली, कधी विचारतील याची. ताट वाढताना, दिवा लावताना, मी वाट पाहत राहायची. शेवटी मीच विचारलं. दुपारची वेळ, खटक-खटक माग चालू. म्हटलं, "अजी, मी उशीर केला काय?" माग थांबला. विनोदनी धोटा खाली ठेवला. "वंदना, मी त गाडीवर बसूबी शकत नाही. मी तुले काय म्हनू? मले रोज वाटते, फिट माही अन् जीव बाबाचा गेला." मग धोटा हातात घेऊन म्हणाले, "तू नेलं त्यांले. मी नसतो नेऊ शकलो." आणि माग पुन्हा सुरू झाला. तोपर्यंत मला वाटत होतं, त्या घरात घाबरलेली मी एकटीच आहे.

परीक्षेला जायचं नाही असं मी ठरवलं होतं. तारखेच्या आदल्या सकाळी उठून पाहते तर खळ्यावर कोंड्याचा आठ. वेडावाकडा, एक वाटोळं लहान, एक मोठं. विनोदच्या हाताला चिकटलेला कोंडा मी पाहिला आणि हेल्मेट उचललं. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला गेले. तेच मैदान, तेच साहेब. मधल्या फुलीवर वळताना नजर पल्याड गेली. साहेबांच्या मागे कडुलिंब होता, आणि त्याच्याखाली पाठ करून कुणी उभं नव्हतं. हात क्लचवरून हलला नाही. आठ पुरा झाला. "एवढं हळू तर मलाही जमत नाही," साहेब म्हणाले. बाकीचे टाळ्या वाजवत होते. मी पाय टेकवले, हेल्मेट काढलं, डोक्यावरून ओढणी पुढे ओढली आणि तशीच उभी राहिले. भीती गेली नव्हती, कारण मला ज्याची भीती वाटते ते त्या मैदानावर कुणी विचारतच नाही.

आता मी बाजार करते. गठ्ठे मागे बांधलेले असतात. ते लुगडं त्यांत नाही, ते घडी करून पितळी गडव्याशेजारी ठेवलं आहे. रपटा झाला आहे, रस्ता सुरू आहे, पण मी पाळीवरूनच जाते. तिथे गाडी पहिल्यात, मामाजींच्या चालीनं, डाव्या बाजूला एका माणसापुरती जागा सोडून. चिखल वाळला, आता तसं जायची काही गरज नाही, हे मला कळतं. पाळ संपते, गाडी डांबरावर चढते, बाभूळ येते. तिथे रोज तोंड कोरडं पडतं, पाय गिअरवरच अडतो. रोज वाटतं, नको. मग मी तिसरा टाकते आणि हेल्मेटच्या आत मोठ्यानं म्हणते, "टाकला जी, मामाजी."